धुऱ्यापलीकडचं टरबूज

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फोटो लावलेला आहे. त्यात सरूमाय आहे. हिरवं लुगडं, जोडलेले हात, ताठ मान, आणि चेहऱ्यावर भाव असा की हे सगळं व्हायचंच होतं. तिच्या मागं एक अवाढव्य टरबूज आहे आणि टरबुजाच्या खाली दोन पाय आहेत. ते पाय माझे. टरबूज माझ्या खांद्यावर होतं, आणि फोटो काढणाऱ्यानं नेमकी अशी बाजू धरली की माझं तोंड त्याच्या आड गेलं. गावात नवा ग्रामसेवक आला की भिंतीकडं बघून विचारतो, "ह्या कोण?" मग कोणीतरी कौतुकानं सांगतं, "सरूमाय. आन् थे तिचं टरबूज." पायांची चौकशी आजवर एकानंही केलेली नाही.

सरूमाय गेल्या पावसाळ्यात गेली. गावानं तिच्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घेतलं, मीही चार शब्द बोललो. पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी या बाईवर जळत आलो, आणि अगदी मनापासून जळत आलो. तिचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. उलट ती रोज समोर दिसायला हवी असायची, म्हणजे नीट जळता यायचं. एखाद्या दिवशी ती वावरात दिसली नाही तर मला चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं.

आमचं गाव बोरी अरबच्या खालच्या अंगाला, अडाण नदीच्या काठी. माझं वावर आणि तिचं वावर लागून. मधे एक धुरा. बांधाला आमच्याकडं धुरा म्हणतात. दोन्हीकडं तोच गाळ, तीच नदी, तेच ऊन. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं कोणी म्हणायला नको की तिची जमीनच चांगली होती.

हनुमान जयंतीला गावात जत्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली काटा मांडतात. ज्याचं टरबूज सर्वांत जड, त्याला फेटा. बक्षीस एवढंच. पण वर्षभर लोक त्या फळाचं नाव काढतात. "त्या साली अमक्याचं टरबूज होतं," असं म्हणून लग्नांची आणि बारशांची सालं लक्षात ठेवतात. एकदा, निदान एकदा, गावानं "परभाकरचं टरबूज" असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. मी काही आमदारकी मागत नव्हतो.

या चढाओढीचा एक कायदा आहे. आपलं फळ आपण तोडायचं नाही आणि आपण उचलायचंही नाही. ते काम धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचं. मागं कधीतरी गावातल्या कोण्या इरसाल माणसानं दारव्ह्याच्या बाजारातून टरबूज विकत आणून आपलं म्हणून काट्यावर चढवलं होतं. तेव्हा जुन्या लोकांनी डोकं चालवलं. धुऱ्याचा शेजारी आपल्यासाठी खोटं बोलेल, असं या भूतलावर होणं नाही. म्हणून त्यानंच वेलावरून फळ तोडायचं, त्यानंच जत्रेपर्यंत वाहून आणायचं आणि काट्यापाशी उभं राहून मोठ्यानं सांगायचं, "हे अमक्याचं टरबूज. त्याच्याच वावरातलं, त्याच्याच वेलाचं. मी तोडलं, मी आणलं." वाटेत मालकाचा हात फळाला लागला तर फळ बाद. कापल्यावर पहिली फोड मात्र वाहून आणणाऱ्याला.

म्हणजे दर वर्षी सरूमायचं टरबूज मी तोडायचं, मी खांद्यावर घ्यायचं, घामानं निथळत मी नाल्याचा चढ चढायचा, आणि डफडं वाजायचं तिच्यासाठी. ती पुढं रिकाम्या हातानं लोकांचे नमस्कार घेत चालायची. काट्यापाशी पोहोचलो की मी धापा टाकत ओरडायचो, "हे सरूमायचं टरबूज." माझंही फळ काट्यावर यायचं. ते ती आणायची, डोक्यावर. कपड्याची चुंबळ करून त्यावर फळ ठेवायची आणि दोन्ही हात मोकळे सोडून सरळ चालत यायची. वाटेत कोणाशी तरी सुनेच्या तब्येतीच्या गप्पाही मारायची. मी माझा दुखरा खांदा चोळत बघत राहायचो. एवढ्या सहज फळ आणलं की ते हलकं असणार हे काट्याच्या आधीच लोकांना कळायचं.

तिचं चरित्र मी सांगत नाही. नवरा लवकर गेला, मुलगा यवतमाळला स्थिरावला, ती विहारामागच्या गल्लीत एकटी राहायची, एवढं पुरे. मला ठाऊक आहे ती वावरातली सरूमाय. पालथ्या घमेल्यावर बसलेली, गालात एका बाजूला तंबाखूचा तोबरा, आणि शेजारी टरबुजावर उघडलेली काळी छत्री. छत्रीची एक काडी मोडकी होती. चैत्राचं ऊन मी म्हणत असताना सावलीत टरबूज असायचं आणि उन्हात ती. मी एकदा म्हणालो, "सरूमाय, तू तरी छत्रीत बस. चक्कर येईन."

"मले काट्यावर बसाचं हाय का?" ती म्हणाली.

ती स्वतःविषयी बोलायची ती दुसऱ्या कोणा थोर बाईविषयी बोलावं तशी. "सरूमायनं लावलं म्हणजे लागलंच." "सरूमायच्या वावरात मुंग्याबी रांगेत चालते." नम्रता हा प्रकार तिच्याकडं औषधालाही नव्हता. फेटा घालून घरी जाताना ती मुद्दाम लांबचा रस्ता धरायची, कारण जवळच्या रस्त्याला घरं कमी होती.

लोक म्हणतात झाडाशी गोड बोलावं. सरूमाय फळाला शिव्या द्यायची. "कायले आला बे माह्या वावरात? नुसता पिऊन राह्यला आन् फुगाचं नाव नाही. थो पाह्य परभाकरचा, तुह्याहून मागून आला आन् कसा मांड्या घालून बसला." माझं फळ तिच्या फळाहून निम्मं असायचं, तरी ती त्याचा दाखला द्यायची. धुऱ्याच्या अलीकडं मला ते ऐकू यायचं आणि मूर्खासारखं बरं वाटायचं. मीही एकदा माझ्या फळाला शिव्या देऊन पाहिल्या. माझी बायको वनिता डबा घेऊन आली होती, ती म्हणाली, "त्या बिचाऱ्याले काहून बोलता? त्यानं काय केलं?"

एका वेलावर एकच फळ, हा तिचा नेम. बाकीची लिंबाएवढी झाली की खुडून टाकायची. त्या कवळ्या टरबुजांची भाजी करायची आणि वाटीभर आमच्याकडं पाठवायची. वनिता ती वाटी पुसून खायची आणि म्हणायची, "सरूमायच्या हाताले चव हाय." मी गप्प बसून वरण-भाकर खायचो. बाईच्या हाताला फळ आहे, चव आहे, डोक्याला तोल आहे. माणसानं जळायचं तरी कुठं कुठं?

तिच्या कमरेला एक चिंधी खोचलेली असायची. जुन्या लुगड्याचा फाडलेला लाल काठ. दर आठवडी बाजाराच्या दिवशी ती आपल्या फळाच्या पोटाला ती चिंधी गुंडाळायची आणि जिथं टोक टेकेल तिथं गाठ मारायची. मग धुरा ओलांडून यायची, "सरक बापू" म्हणायची आणि माझ्या फळाला तीच चिंधी गुंडाळून दुसरी गाठ मारायची. अलीकडची गाठ माझी, पलीकडची तिची. ती चिंधी लोंबती ठेवून बाजारभर फिरायची. भाजीवाल्यापासून पानठेल्यापर्यंत प्रत्येकाला दोन गाठींमधलं अंतर दिसायचं. कोणी विचारलं तर म्हणायची, "परभाकरचंबी वाढून राह्यलं. मागं हाय, पन वाढून राह्यलं." हे 'मागं हाय' ती इतक्या मायेनं म्हणायची की रागही धड येत नसे.

आता तुम्ही म्हणाल, बी तिच्याकडं चांगलं असेल. तर ऐका. तिनं आपलं बी कधी लपवलं नाही. जत्रेतलं फळ कापलं की मूठभर बी धुवून, राखेत घोळून, ती स्वतः माझ्या घरी आणून द्यायची. पहिल्या साली मी ते उजेडात धरून पाहिलं. मला वाटलं, बाईनं भाजून दिलं असणार. नाहीतर एवढी उदार कशाला होईल? मी त्यातलं थोडं ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. झाडून सगळं उगवलं. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, वाटली निराशा. भाजलेलं निघालं असतं तर गावाला सांगायला काहीतरी झालं असतं.

मग मी सरळ विचारलं, "सरूमाय, करते काय तू?"

"मंग? काय करतो?" तिनं बोटावर मोजून दाखवलं. "शेणखत सडलेलं. फळाखाली तुरीचं कुटार अंथराचं, भुसा. पानी दिवस उगवाच्या आंधी, बेताचं. फळ भराले लागलं का पानी कमी करत जाव. ऊन तापल्यावर वेल सुकल्यावानी दिसन. दिसू देव. तवा पानी देशीन तं फळ फाटन."

मी घरी येऊन विचार केला. एवढं सगळं कोणी स्पर्धेतल्या माणसाला सांगतं का? मी तर नसतं सांगितलं. यातलं काहीतरी नक्की उलटं सांगितलं आहे, आणि ते पाण्याचंच असणार. फळ म्हणजे तर सगळं पाणीच, आणि ही म्हणते पाणी कमी करा. मी शहाणपणानं तिच्या बरोब्बर उलट केलं. वेल माना टाकू लागला की भर दुपारी मोटार सुरू करायचो. फळ फुगलं की हो. बघता बघता तिच्या गाठीच्या जवळ आलं. जत्रा अगदी तोंडावर आलेली असताना एका दुपारी मी पाणी सोडून झाडाखाली बसलो होतो, आणि लाकूड तडकावं तसा आवाज आला. फळ देठापासून बुडापर्यंत उकललं होतं. आतला लाल गर उन्हात चकाकत होता.

आवाज धुऱ्यापलीकडंही गेला असणार. सरूमाय आली. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. कमरेच्या पिशवीतून मिठाची पुडी काढली, माझ्यासमोर मांडी घातली आणि हातानं गराचा गोळा काढून खाऊ लागली.

"गोड हाय बापू," ती म्हणाली. "वजनाचं जाऊ दे. गोडीत तू पुढं हायेस."

हसली असती तर परवडलं असतं. त्या साली तिचं फळ मी खांद्यावरून नेलं तेव्हा माझं स्वतःचं फळ काट्यावर नव्हतंच. ती डोक्यावर काही न घेता माझ्यापुढं चालली, आणि दर दहा पावलांवर मागं वळून "हळू बापू, हळू" म्हणत राहिली.

या सगळ्यावर माझ्याकडं एकच हत्यार होतं. पहिली फोड माझ्या मानाची असायची ना, ती मी तिथं खायचो नाही. घरी नेतो म्हणायचो आणि घरी वनिताला द्यायचो. मग पानठेल्यावर कोणी विचारलं, "कसं होतं गा सरूमायचं टरबूज?" की मी तोंड वाकडं करून म्हणायचो, "मोठं होतं, पन पानचट." एवढा एकच शब्द. लोक मान डोलवायचे. एवढं मोठं फळ पानचट असणारच, हे कोणालाही पटतं. मी तिच्या टरबुजाची एकही फोड जन्मात खाल्लेली नव्हती. वनिता बोटं चाटत खायची आणि माझ्याकडं बघायची. तिनं कधी मला उघडं पाडलं नाही, पण बिया मात्र माझ्या ताटाशेजारी थुंकायची.

हा शब्द सरूमायच्या कानावर गेला नसेल हे शक्यच नव्हतं. आमच्या गावात शिंकलं तर पलीकडच्या गल्लीत "जीते रहो" म्हणतात. पण ती मला त्यावरून कधी एक अक्षर बोलली नाही. मी समजलो, ती विसरली.

मग मागच्या सालची गोष्ट. बी लावायच्या वेळी वनिता म्हणाली, "एकदा तं सरूमाय सांगते तसं करून पाहा. नाही झालं तं मंग तिले नावं ठेवाले मोकळे." हे मला पटलं. मी ठरवलं, सरूमायनं सांगितलं तसंच्या तसं करायचं, फळ लहान येऊ द्यायचं आणि मग तिला आख्ख्या गावासमोर खोटं पाडायचं. एवढ्या वाईट हेतूनं इतकी प्रामाणिक शेती मी कधी केली नव्हती. कुजलेलं शेणखत, तुरीचं कुटार, पाणी दिवस उगवायच्या आत. दुपारी वेल सुकल्यासारखा दिसला की जीव कासावीस व्हायचा, पण मी मोटारीकडं पाठ करून बसायचो.

फळ वाढत गेलं. होळी झाली तेव्हा दोन गाठी शेजारी शेजारी आल्या. पुढच्या बाजाराला सरूमाय धुरा ओलांडून आली, माझ्या फळाला चिंधी गुंडाळली, गाठ मारली आणि बघत राहिली. माझी गाठ पलीकडं गेली होती. "सरक बापू" नाही, काही नाही. चिंधी तिनं हातात गोळा केली आणि गेली. त्या दिवशी बाजारात मी मुद्दाम तिच्या मागं मागं फिरलो. चिंधी कमरेला लोंबत नव्हती, आत खोचलेली होती.

नंतर ती धुऱ्याकडं फिरकेनाशी झाली. फळाला शिव्या देणंही बंद. नुसती घमेल्यावर बसून राहायची. मला आधी आनंद झाला, मग तो आनंद दाखवायला कोणी नाही म्हणून चिडचिड झाली. जत्रेच्या चार दिवस आधी मीच धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो.

"काहून सरूमाय, येनं-जानं नाही?"

तिनं वर बघितलं. "मले तुह्यं टरबूज पाहवत नाही, परभाकर."

मला वाटलं थट्टा करते आहे.

"खरं सांगून राह्यली. पोटात आग पडली माह्या. रात्री झोप नाही येत. तुह्यं वावर दिसू नये म्हून मी अशी पाठ करून बसतो."

इतक्या वर्षांत मला कोणी एवढं गोड बोललं नव्हतं. मी घरी जाऊन वनिताला ते शब्दाला शब्द सांगितलं, दोनदा सांगितलं. सरूमाय माझ्यावर जळते. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

पण ताटावर बसलो आणि घास तोंडात फिरू लागला. माझं फळ काट्यावर नेणार कोण? सरूमाय. वाटेत नाल्याचा चढ, सुटे गोटे. त्या चढावर दर वर्षी माझ्या खांद्यावर तिचं फळ असायचं, आणि दर वर्षी तिथं एक विचार मनात येऊन जायचा. पाय घसरला तर कोण काय म्हणणार? घसरतो माणसाचा पाय. मी तसं कधी केलं नाही. पण विचार यायचा, न चुकता, त्याच गोट्यापाशी. आता तो तिच्या मनात येणार होता.

"सरूमाय तशी नाही," वनिता म्हणाली.

"मी तरी कुठं तसा हाय?" मी म्हणालो. "पन जळनाऱ्या मानसाच्या मनात काय काय येते, थे मले इचार."

काट्याचा दिवस उजाडला. सरूमाय तेच हिरवं लुगडं नेसून आली. तिचं फळ मी आधीच काट्यावर पोचवून परत आलो होतो. तिनं माझ्या फळावर हात फिरवला, टिचकी मारून कान लावला आणि इळ्यानं देठ कापलं. दोघा बाप्यांनी फळ उचलून तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवलं. तिची मान थोडी आत गेली, मग ताठ झाली. आणि त्या वर्षी पहिल्यांदा तिनं दोन्ही हात वर करून फळ धरलं. गप्पा नाहीत, इकडं तिकडं बघणं नाही.

डफडं माझ्यासाठी वाजत होतं. पुढं चालायचा, नमस्कार घ्यायचा मान माझा होता. त्यासाठी मी अर्धं आयुष्य घालवलं होतं. आणि मी काय केलं? तिच्याकडं तोंड करून उलटा चालत राहिलो, डोळे तिच्या पायांवर. लोक नमस्कार करत होते ते माझ्या पाठीला.

नाल्याच्या चढावर, नेमक्या त्याच ठिकाणी, तिच्या पायाखालचा गोटा सरकला. डोक्यावरचं ओझं टाकून द्यायला माणसाला डोळ्याचं पातं लवेल एवढाही वेळ लागत नाही. शरीर ते आपोआप करतं. सरूमायनं मान तसूभर वाकू दिली नाही. हात फळावर तसेच, आणि ती सरळ खाली आली, उजव्या गुडघ्यावर, दगडावर. आवाज सगळ्यांनी ऐकला. मी दोन्ही हात पुढं करून धावलो. ते हात फळाकडं चालले होते की तिच्याकडं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

"धरा त्याले," ती ओरडली. "परभाकरले धरा. हात लावन तं बाद होईन."

चार जणांनी मला मागं ओढलं. तिच्या लुगड्यावर गुडघ्यापाशी रक्त उमटत होतं. कोणीतरी म्हणालं, "सरूमाय, ठेव आता खाली, आम्ही नेतो." ती म्हणाली, "धुऱ्याचा शेजारी तू हायेस का?" दोन बायांनी तिला दोन्ही बगलांत धरून उभं केलं. डोक्यावर फळ, एक पाय ओढत, ती पिंपळापर्यंत आली. काट्यापाशी श्वास गोळा करून बोलली, "हे परभाकरचं टरबूज. त्याच्याच वावरातलं, त्याच्याच वेलाचं. मी तोडलं, मी आणलं." मग ती मटकन खाली बसली.

माझं फळ जड भरलं. तिच्या फळाहून चांगलं दोन किलो जड. मला फेटा बांधला. आणि गाव कुठं होतं? गाव सगळं सरूमायभोवती. कोणी पाणी आणतंय, कोणी हळद, म्हाताऱ्या तिच्यावरून बोटं मोडून दृष्ट काढतायत, पोट्टे मोबाइल वर धरून तिचे फोटो काढतायत. ग्रामपंचायतीत आता दुसरा फोटो लागला आहे. त्यात सरूमाय पिंपळाच्या बुडाशी बसलेली आहे, मांडीवर माझं टरबूज आहे, आणि उजव्या कोपऱ्यात एका फेट्याचा शेमला दिसतो. तो शेमला माझा. पायांवरून शेमल्यावर आलो, एवढीच माझी प्रगती. आणि त्या फळाचं नाव गावानं काय ठेवलं? "सरूमायनं आणलेलं टरबूज." अजून तेच म्हणतात. बी तिचं, रीत तिची, नावही तिचंच. माझं काय, तर वावर.

सांजवेळी तिच्या मानाची पहिली फोड घेऊन मी तिच्या घरी गेलो. सोबत अर्धं फळही नेलं होतं, शेजारपाजाऱ्यांना वाटायला. ती बाजेवर होती, गुडघा नारळाएवढा सुजलेला, त्यावर हळदीचा लेप. दुसऱ्या दिवशी मुलगा येऊन तिला यवतमाळला नेणार होता. ती तिथून परत येणार नाही, हे त्या वेळी मला माहीत नव्हतं, आणि तिलाही नसावं. आता तिच्या वावरात मक्त्याचं सोयाबीन असतं आणि मी धुऱ्याकडं पाठ करून बसतो.

मी फोड तिच्या हातात दिली. माझ्या डोक्याला फेटा अजून होता, तो मी काढला नव्हता. तिनं फोड दोन्ही हातांत धरली आणि सावकाश खाऊ लागली. लाल संपलं, मग गुलाबी, मग पांढऱ्यालाही दात लावले. बिया एकेक करून तळहातावर घेतल्या. मी वाट बघत होतो. एवढं सगळं झाल्यावर आता ती काहीतरी चांगलं बोलेल, अशी माझी खात्री होती.

तिनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

"परभाकरचं टरबूज," ती म्हणाली, "पानचट हाय."

मग तिनं कमरेची लाल चिंधी ओढून काढली, तळहातावरच्या बिया तिच्या टोकात ठेवल्या आणि दातानं ओढून घट्ट गाठ मारली.

"पानचट हाय तं बी कायले ठेवून राह्यली?" मी विचारलं.

"मंग? पुढच्या साली लावाव लागन ना. तुले काय वाटलं, सोडतो का मी तुले?" तिनं रिकामी साल माझ्या हातात दिली आणि हात तसाच पुढं ठेवला. "दे, आनखी एक फोड दे."

मी फेटा काढून बाजूला ठेवला, बसलो आणि फोड कापली. पहिलीपेक्षा मोठी.